सगळ्यात चिवट केबल

४ जून, मंगळवार

मासे कापायची नवी लाइन सुरू होऊन नऊ आठवडे झाले आणि आज ती पहिल्यांदाच थांबली. एकदा नाही, तीनदा. पट्ट्यावर हेक मासे, दोन्ही बाजूंना सुऱ्या घेऊन उभ्या असलेल्या चाळीस बायका, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. कारखान्यात पट्टा थांबला की लोक पट्ट्याकडे बघत नाहीत, दुरुस्तीवाल्या एरास्तुस हाइम्बोडीकडे, म्हणजे माझ्याकडे बघतात.

पॅनेलवर दिसलं की सतरा नंबरचा सेन्सर बोलत नाही. सेन्सर म्हणजे मासा आला-गेला हे सांगणारे डोळे, असे एकूण सेहेचाळीस आहेत. एक जरी गप्प झाला तरी यंत्र शहाणपणाने सगळंच थांबवतं. सतराच्या केबलचा जोड उघडून पुसला, परत लावला. चालला. तासाभराने पुन्हा तेच.

या सगळ्या केबल मी निवडल्या, मी ओढल्या, मी जोडल्या. कॅटलॉगमधली सगळ्यात चिवट घेतली होती. मोटारींच्या कारखान्यात यंत्रमानवाच्या हाताला बांधतात ती. तेलाला दाद देत नाही, घासली तरी झिजत नाही, पन्नास लाख वेळा वाकवा. राजधानीतला, विंडहुकचा दुकानदार दुसरीच एक करड्या रंगाची गळ्यात मारत होता. ती हातात घेतली तर शिजलेल्या मॅकरोनीसारखी लागते. असली वस्तू मी लावणार नाही.

तेव्हा केबलचा प्रश्न नाही. कोणीतरी काहीतरी करतंय.

१० जून, सोमवार

कोण करतंय ते कळलं.

दुपारी तीनला पाळी सुटते, मग धुलाईवाल्या बायका येतात. आज मुद्दाम थांबलो. त्यांची मुकादम मेमे राउना शिकेशो; आमच्याकडे बाईला मानाने मेमे म्हणतात, पुरुषाला टाटे. एकोणीस वर्षं इथे आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. जाड रबरी बूट, कमरेला पिवळा एप्रन, आणि हातातल्या नळीला असा जोर की समोरचा माणूस आडवा पडावा. तो फवारा ती थेट माझ्या जोडांवर मारत होती!

"मेमे, तिथे नका मारू. ते जोड नाजूक असतात."

"टाटे, माशांची आतडी जोडांवरच अडकतात. तुम्ही पाटी लावा, 'आतड्यांनी पलीकडे बसावे'. वाचता आलं तर ऐकतील."

तिच्या सहाच्या सहा बायका हसल्या. मग ती जवळ आली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? तुमच्या या केबल हाताला चिकटायला लागल्यात."

"म्हणजे नीट धुतल्या जात नाहीत. माशाची चरबी आहे ती."

"चरबी मला कळते टाटे. एकोणीस वर्षं तीच काढतेय."

"मग काढा की."

तिने माझ्याकडे पाहिलं, नळी उचलली आणि गेली.

१९ जून, बुधवार

बोललो ते लागलेलं दिसतं. आता तिच्या बायका फवारा लांबून मारतात, पण एकेक केबल हातात धरून फेसाने चोळतात. तो धुलाईचा फेस आधी पाच मिनिटं ठेवायच्या, आता पंधरा ठेवतात आणि पाणीही जास्त गरम घेतात. शेवटी सांगितल्यावरच कळतं माणसाला.

तरीही या आठवड्यात पाच वेळा थांबलो. सतरा, एकवीस, बावीस, पुन्हा सतरा, तीस. जोडाच्या आत पाणी सापडतं. एवढ्या घट्ट पिळलेल्या जोडात पाणी शिरतं कुठून? माणसाने शिरवल्याशिवाय शिरत नाही.

वाळवंटाकडून गरम वारा सुटलाय. दातांत वाळू, जेवणात वाळू. बायकोने, फॉइबेने ओम्बिदीची पालेभाजी केली होती, तीही करकर वाजली. मी म्हणालो भाजी धुतली नाहीस का. ती म्हणाली, "धुणाऱ्यांवर तुझा राग आहे तो कारखान्यात ठेवून ये."

२४ जून, सोमवार

सगळे जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर दोरी बांधली. सेहेचाळीस पिशव्या. गुडघे गेले. मेमे राउना बाजूने जाताना म्हणाली, "टाटे, पोरं झाली की लंगोट रोज बदलावे लागतात, माहीत आहे ना?"

या बाईला प्रत्येक गोष्टीवर बोलायलाच हवं का?

२७ जून, गुरुवार

पिशव्या काढल्या. प्रत्येकीत अर्धा पेला पाणी.

१ जुलै, सोमवार

आजचा दिवस लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

सकाळी सव्वाआठला एकदम सात सेन्सर गेले. दोन तास चाळीस मिनिटं पट्टा बंद. बोटीवरून माल उतरतच होता, त्याला थांबवणार कसं? माशांचे ढीग लागले, बर्फ वितळला, अकरा टन हेक भुकटीच्या यंत्रात गेला. खायचा मासा कोंबड्यांच्या खाद्यात. बायका सुऱ्या पुसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी यंत्राखाली उताणा, आणि वरून कोणीतरी म्हणालं, "टाटे झोपले का?"

दुपारी व्यवस्थापक क्लूटेंनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हाइम्बोडी, दर वेळी तू मला 'ओलावा' म्हणून सांगतोस. ओलाव्याला मी नोटीस देऊ? मला कारण हवं. नाव असलेलं कारण."

घरी येऊन अहवाल लिहिला. दोन पानं. धुलाईचा जोराचा फवारा, वारंवार दिलेल्या सूचना, पाळल्या न गेलेल्या. मुकादमाचं नाव लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही.

५ जुलै, शुक्रवार

मेमे राउनाला धुलाईवरून काढून मागच्या आवारात टाकलं. माशांची डोकी आणि काटे तिथे जमा होतात. ती डोकी फावड्याने डब्यात भरायची, वर समुद्रपक्ष्यांचा कालवा. एक ऑगस्टला चौकशी. निष्काळजीपणा ठरला तर काम जाईल.

एवढं होईल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, ताकीद देतील.

७ जुलै, रविवार

चर्चमध्ये ती गायकवृंदात आमच्या समोरच उभी असते. आजही होती. सगळी गाणी पुस्तकात बघून म्हणाली, जी तिला लहानपणापासून पाठ असतील तीही. मान वर केली असती तर मी दिसलो असतो.

घरी येताना फॉइबेने विचारलं, "तिने नक्की केलं काय?"

"पाण्याचा जोर जास्त ठेवला."

"किती होता?"

"मोजला नाही."

"मग जास्त कशावरून?"

शिक्षिकेशी लग्न केलं की घरी रोज तोंडी परीक्षा. जेवताना ओशिफिमाचा, बाजरीच्या घट्ट लापशीचा घासच उतरेना, पण ते गरम होतं म्हणून असेल.

१२ जुलै, शुक्रवार

तीन दिवस पट्टा एकदाही थांबला नाही! धुलाईवर आता पाउलस नावाचा मुकादम आहे. गार पाणी, फेस नावापुरता, तासात काम आटोपून मोकळा. मी क्लूटेंना सांगितलं, बघा, माणूस बदलला आणि रोग गेला. त्यांनी मान हलवली.

आता तरी फॉइबेला पटेल.

१८ जुलै, गुरुवार

स्पेनच्या गिऱ्हाइकाच्या माणसाने पट्ट्यावर कापसाचे बोळे फिरवून तपासायला नेले होते. जंतू निघाले, इतके की अहवालात लाल शाई. पाउलसला सगळ्यांसमोर झापलं आणि कालपासून दुप्पट धुलाई सुरू झाली. उकळतं पाणी, दाट फेस.

आज चार सेन्सर गेले.

पाउलस फवारा लांबून मारतो, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं. मग? कदाचित जुनं नुकसान आत्ता वर येत असेल. राउनाच्या वेळचं. तसंच असणार.

२० जुलै, शनिवार

चौकशीत युनियनवाले विचारतील की फवाऱ्यानेच झालं कशावरून, फेसाने किंवा गरम पाण्याने का नाही. तर तो प्रश्न आधीच बंद करून टाकावा. माझ्याकडे कोऱ्या केबलचं वेटोळं आहे. वीतभर तुकडा कापून फेसाच्या गरम पाण्यात टाकला, दुसरा तसाच कोरा ठेवला. रोज दोन वेळा पाणी बदलायचं. दहा दिवसांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवीन, ओळखा म्हणेन कुठला कोणता. फेसाने काही होत नाही, म्हणजे राहिला फवारा.

बादली फॉइबेची घेतली. ती म्हणाली, "माझे पडदे भिजवायचे होते."

"हे जास्त महत्त्वाचं आहे."

"केबल भिजवणं?"

"पुरावा आहे."

"कुणाविरुद्ध?" एवढंच विचारलं आणि पडदे तसेच घेऊन आत गेली.

२४ जुलै, बुधवार

तुकडा जसाच्या तसा. चकचकीत. मी म्हणालोच होतो.

२७ जुलै, शनिवार

बादलीतला तुकडा किंचित चिकट लागला. फॉइबेने बादली नीट विसळली नसेल. तुकडा साबणाने धुतला, कोरडा केला. थोड्या वेळाने पुन्हा चिकट.

कोरा तुकडा चिकट नाही.

२९ जुलै, सोमवार

आज तुकडा बोटांनी वाकवला आणि त्याला भेगा पडल्या. टाचेला पडतात तशा. पन्नास लाख वेळा वाकणारी केबल, एकदाच वाकवली.

सुरीने वरचं आवरण उभं चिरलं. आत पार दुसऱ्या टोकापर्यंत ओल. पाणी जोडातून शिरत नव्हतंच. केबलच्या भेगांतून शिरून आतल्या आत सरकत जोडापर्यंत पोचत होतं. जोड घट्ट होता म्हणूनच तिथे साचत होतं.

कामावर गेलो आणि सतराची केबल हातात धरली. नीट, मुठीत. चिकटली. माशाची चरबी बोटांवर पसरते, निसटते. ही पसरत नव्हती.

विंडहुकच्या दुकानदाराला फोन केला. "फेसाने आणि गरम पाण्याने ही केबल जाते का?"

"जाणारच. क्लोरिनचा फेस असेल तर आठ-दहा आठवडे. ती तेलासाठी आहे, धुलाईसाठी नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, लाइन कशाने धुता. तुम्ही म्हणालात, पाण्याने."

म्हणालो असेन. मला कुठे माहीत होतं कशाने धुतात? तीननंतर मी तोवर कधी तिथे थांबलोच नव्हतो.

३० जुलै, मंगळवार

आज काहीच केलं नाही. खरं तर केलं. बादली ओतून दिली, घासली आणि जागेवर ठेवली. तुकडा कचऱ्यात टाकला. मग कचऱ्यातून काढला. हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

मी गप्प बसलो तर काय होईल? केबल खराब निघाली म्हणून बनवणाऱ्यांवर ढकलता येईल. ऑक्टोबरमध्ये महिनाभर हेक पकडायला बंदी असते, तेव्हा गाजावाजा न करता बदलून टाकता येतील. राउना गेली तर तिला मुलगा आहे उत्तरेला ओन्दांग्वात, नोकरीला आहे. मला घराचे अजून अकरा वर्षांचे हप्ते.

असले हिशेब करणारा माणूस मी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

फॉइबे म्हणाली, "बादली मोकळी झाली? म्हणजे पुरावा मिळाला." मी हो म्हणालो. तिने पडदे भिजत घातले.

१ ऑगस्ट, गुरुवार

चौकशी दहाला होती. टेबलाच्या एका बाजूला क्लूटे आणि कार्यालयातल्या एक बाई, समोर मेमे राउना आणि युनियनचे टाटे इम्मानुएल. राउना रविवारचे कपडे घालून आली होती. पण हातांना मागच्या आवाराचा वास होता. तो धुऊन जात नाही.

क्लूटेंनी मला बोलायला सांगितलं. मी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि सुरुवात केली. म्हणालो, "तपासाअंती असं आढळून आलं आहे की केबलचं आवरण धुलाईच्या रसायनांना अनुकूल नव्हतं. निवडीच्या वेळी या बाबीकडे लक्ष दिलं गेलं नाही."

कार्यालयातल्या बाई लिहून घेत होत्या.

मेमे राउनाने खुर्ची पुढे ओढली. "टाटे, मला एवढं पुस्तकी कळत नाही. लक्ष कुणाकडून दिलं गेलं नाही?"

"निवड करणाऱ्याकडून."

"त्याला नाव आहे का? माझं होतं. दोन पानांवर चार वेळा होतं, टाटे इम्मानुएलनी वाचून दाखवलं."

मग मी म्हणालो, "माझ्याकडून. केबल मी निवडली. तुम्ही चिकटते म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. उलट आणखी चोळायला लावली, त्याने लवकर गेली. फवाऱ्याचा काही संबंध नव्हता."

"हां," ती म्हणाली. एवढंच.

तिला परत धुलाईवर घेतलं. मला लेखी ताकीद, आणि वर्षभर कुठलीही खरेदी क्लूटेंच्या सहीशिवाय नाही. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "मी नाव मागितलं होतं, तू दिलंस. दुसऱ्याचं दिलंस एवढंच."

हे अन्यायाचं आहे. नाव मागणाऱ्याची काहीच चूक नाही का?

२६ ऑगस्ट, सोमवार

वीर दिनाची सुट्टी. तीन आठवडे राउना माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी दिसलो की नळी बंद करते, मी गेलो की सुरू करते. पट्टा थांबतोच आहे, मी रोज दोन-तीन केबल तोडून नव्या लावतो. त्याच चिवट, कारण दुसऱ्या आहेत कुठे?

आज तिच्या घरी गेलो. तिने बसायला दिलं, ओशिकुंदूचा, बाजरीच्या आंबट पेयाचा पेला हातात दिला. मी येताना पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो. ती दाराबाहेर बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "एरास्तुस, पंचवीस दिवस मी डोकी भरली. पक्षी अंगावर बसायचे. चर्चमधल्या बायका मला विचारायच्या, राउना, तू काय तोडलंस?"

ती पहिल्यांदाच मला टाटे न म्हणता नावाने, अरे-तुरेने बोलत होती.

"माफी ठेव बाजूला," ती म्हणाली. "पुढची केबल कोणती लावणार आहेस?"

मी म्हणालो, कॅटलॉगमध्ये चार आहेत.

"कॅटलॉगने धुलाई केली आहे का कधी?"

२ सप्टेंबर, सोमवार

धुलाईच्या खोलीत तिने चार बादल्या मांडल्यात. चार केबलचे तुकडे, आणि प्रत्येकाबरोबर जोडाचं एकेक नटही, कारण पितळेची नटं हिरवी पडतात म्हणे. हेही मला आज कळलं. मी म्हणालो सोमवार ते शुक्रवार फेस पुरे. ती म्हणाली, "आणि शुक्रवारचं आम्ल?"

"कसलं आम्ल?"

"दर शुक्रवारी आम्लाने धुतो. वर्षानुवर्षं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"विचारलं कुणी?"

मला हे असं चालणं सोसत नाही. माहितीचे कागद तीन दिवसांत मागवून निर्णय झाला असता. इथे पंचवीस दिवस चार बादल्यांकडे बघत बसायचं. पण क्लूटेंची सही हवी आणि क्लूटे म्हणतात, आधी मेमेला विचार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दुसऱ्या बादलीतली फुगली, बाद. पितळेची नटं खरोखर हिरवी. स्टीलची तशीच आहेत.

धुलाईवाल्या बायका येता-जाता तुकडे चिमटून बघतात आणि आपसांत पैज लावतात. मला कोणी विचारत नाही. आज सेल्मा नावाची एक म्हणाली, "टाटे, तुम्ही तिसऱ्यावर लावा, ती मॅकरोनी जिंकणार." त्यांनी त्या करड्या केबलचं नाव मॅकरोनीच ठेवलंय. मी हे नाव कुणाला सांगितलं होतं?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज निवड झाली.

राउनाने चारी तुकडे ओट्यावर ओळीने ठेवले. वाकवले, पिळले, नखाने खरवडले, गालाला लावून पाहिले. पहिला कडक झाला होता, चौथ्याचा रंग उतरून हाताला लागत होता. तिसरा, करडा, मऊ, हातात मरगळून पडणारा, तो मात्र आला तसाच होता. तिने तो माझ्या हातात दिला. मी मुठीत धरला. सोडला तेव्हा बोटं कोरडी होती.

"हीच," ती म्हणाली. "आणि पट्ट्याला चिकटवून ओढू नकोस, खालून हात घालता येईल एवढी जागा सोड. आणि नटं स्टीलची."

मागणीचा कागद मी बरोबरच नेला होता. आज सही झाली तर माल दहा दिवसांत पोचेल आणि बंदीचा उरलेला ऑक्टोबर आपलाच. कागदावर खाली एक चौकट असते, 'निवड करणाऱ्याचे नाव'. मला वाटलं, इथे तरी न्याय करावा. मोठ्या अक्षरांत लिहिलं, राउना शिकेशो, आणि कागद तिच्यापुढे धरला. खरं सांगतो, ती खूश होईल असं वाटलं होतं.

तिने एप्रनला हात पुसले, वाचलं.

"माझं नाव कशाला?"

"निवड तुम्ही केलीत, मेमे."

"आणि उद्या ही तुटली तर?"

सेल्मा नळी धरून थांबली होती.

"पेन आहे ना?" राउना म्हणाली.

मी तिचं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. कागद ओला होता, शाई जरा फुटली, पण वाचता येतं. क्लूटेंनी खोडलेलं नाव बघितलं आणि सही केली.